टोमॅटोचे संकरित बी : पाकिटावरचे नाव आणि आतला दाणा

गेल्या ऑगस्टमधील एका रविवारी मिस्सा आटोपून लोक बाहेर पडत असता आमच्या गावचा एक तरुण शेतकरी दोन टोमॅटो हातात घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. एक टोमॅटो लांबट, घट्ट, चांगल्या रंगाचा होता. दुसरा चपटा, कडेला घड्या पडलेला आणि दाबताच बोट आत जाईल इतका मऊ.

"काका, बी खोटं लागलं की ओ. एकाच वाणाची तरू लावली, आणि फळं बघा ही अशी दोन तऱ्हेची," तो म्हणाला. बी ज्या दुकानातून घेतले तो दुकानदार आमच्याच चर्चचा, दोन बाक पुढे बसणारा. तरुणाचा विचार तडक त्याच्याकडे जाऊन चार लोकांत जाब विचारण्याचा होता.

आम्ही त्याला एकच प्रश्न विचारला. "ही वेगळी झाडं रानात नेमकी कुठे कुठे आहेत?" तो गप्प झाला. त्याने फळे पाहिली होती, झाडांच्या जागा पाहिल्या नव्हत्या. "आज संध्याकाळी ओळीओळीने फिरून मोज, कागदावर मांड, आणि तोवर दुकानाकडे जाऊ नकोस," असे सांगून त्याला घरी पाठविले. त्याने काय मोजून आणले ते पुढे येईलच. पण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. बी खरे की खोटे हे कशावरून ओळखावे, आणि ते तपासणारे लोक नेमके काय तपासतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हा लेख.

बी शुद्ध आहे असे म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो. पहिली, पाकिटात माती, काडीकचरा, तणाचे बी नसणे. दुसरी, उगवण. तिसरी, पाकिटावर ज्या वाणाचे नाव छापले आहे त्याच वाणाचा प्रत्येक दाणा असणे. या तिसऱ्या गोष्टीला आनुवंशिक शुद्धता म्हणतात. प्रमाणित टोमॅटो बियाण्यासाठी देशात जी किमान मानके ठरलेली आहेत त्यांत पहिल्या शुद्धतेला ९८ टक्के आणि उगवणीला ७० टक्के अशी मर्यादा आहे. ह्या दोन गोष्टी प्रयोगशाळेत टेबलावर पंधरा दिवसांत कळतात. तिसरी मात्र दाण्याकडे पाहून देवदूतालाही कळावयाची नाही. खरा संकरित दाणा आणि खोटा दाणा दोन्ही सारखेच लवदार, सारखेच पिवळट, आणि उगवतातही सारखेच. शंभर टक्के उगवलेले बी शंभर टक्के खोटे असू शकते. म्हणूनच "बी झकास उगवलं होतं ओ" ही साक्ष या बाबतीत काही कामाची नाही.

संकरित टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्याला आनुवंशिक शुद्धतेची किमान मर्यादा ९० टक्के आहे. बहुतेक इतर संकरित पिकांना ती ९५ टक्के असते. टोमॅटोला सवलत का, हे समजण्यासाठी हे बी कसे तयार होते ते पाहावे लागेल.

आपल्या बेळगावहून पुणे-बंगळूर रस्त्याने हुबळी, हावेरी ओलांडले की राणेबेन्नूर लागते. भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याच्या उत्पादनाचे ते देशातील एक मोठे केंद्र आहे. महाराष्ट्रात जालना आणि देऊळगाव राजाच्या बाजूला हेच काम चालते. तेथील शेतकरी कंपन्यांसाठी आई-वाण आणि बाप-वाण वेगवेगळे लावतात आणि दोघांचा संकर हाताने घडवून आणतात. हाताने अशासाठी की टोमॅटोचे फूल स्वभावाने घरकोंबडे आहे. त्याच्या पुंकेसरांची पिवळी नळी स्त्रीकेसराला चारी बाजूंनी लपेटून असते आणि फुलाचे पराग त्याच फुलाला मिळून फळ धरते. त्याला बाहेरचे पराग द्यावयाचे तर ती नळी आधी काढून टाकली पाहिजे.

हे काम बहुतांशी बायाच करतात. कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी, पाकळ्यांचा हिरवटपणा जाऊन त्या फिकट पिवळ्या होऊ लागल्या की बारीक चिमट्याने पुंकेसरांची नळी अलगद काढावयाची, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यावयाचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-वाणाचे पराग त्या उघड्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावावयाचे. खूण म्हणून फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कातरावयाच्या. या हिरव्या पाकळ्या फळाच्या देठाशी शेवटपर्यंत राहतात. त्यामुळे तोडणीच्या वेळी ज्या फळावर कातरल्याची खूण असेल तेवढेच बियांसाठी घ्यावयाचे, बाकीचे टाकून द्यावयाचे. दिवसाकाठी अशा शेकडो कळ्या एका बाईच्या हाताखालून जातात, आणि हे कित्येक आठवडे चालते.

आता चूक कोठे शिरते पाहा. एखादी कळी पाहण्यात उशीर झाला, ती आतल्या आत फुटून तिचे पराग तिलाच मिळाले, आणि मग तिच्यावर चिमटा चालला. किंवा नळीचा एखादा तुकडा आत राहून गेला. फळ धरते, खूणही असते, पण आतले दाणे संकराचे नसून निव्वळ आई-वाणाचे असतात. एका फळात शे-पाऊणशे दाणे सहज निघतात. म्हणजे एक चुकलेली कळी शे-पाऊणशे खोटे दाणे देऊन जाते. त्याखेरीज खूण नसलेले फळ घाईत टोपलीत पडणे, एका वाणाचा गर आंबवून धुतल्यावर त्याच चाळणीत दुसऱ्याचा ओतणे, मागील वर्षी पडलेल्या बियांतून उगवलेले झाड आई-वाणाच्या ओळीत राहून जाणे, अशीही कारणे आहेत. पण सर्वांत नेहमीचे कारण पहिले, आईच्याच परागांचे. हे काम माणसाच्या डोळ्यांवर आणि बोटांवर उभे आहे म्हणून मानकाने टोमॅटोला सवलत दिली असावी, असे आम्हाला वाटते. ज्याच्या रानात दहा टक्के वेगळी झाडे उभी राहतात त्याला ती सवलत वाटत नाही, हेही खरे.

काही वाचक म्हणतील, आई-वाणही टोमॅटोच ना, फळ तर देतोच. देतो, पण संकराचे गुण देत नाही. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकर घ्या. पाने आखडविणारा बोकड्या, जिवाणूंमुळे येणारी मर आणि लवकर येणारा करपा अशा तिन्ही रोगांना तो तोंड देतो. अशा संकरात एखाद्या रोगाला विरोध करणारा गुण फक्त बापाकडून आलेला असेल, तर आईवर गेलेले झाड त्या रोगाला उघडे पडते. पांढरी माशी आली की तेच आधी आखडते आणि त्याच्यावरून रोग शेजारी पसरतो. शिवाय बाजारात एका क्रेटमध्ये दोन तऱ्हेची फळे दिसली की अडत्या सगळ्या क्रेटचा भाव पाडतो, फक्त वेगळ्या फळांचा नाही.

येथे मेंडेलची आठवण होते. ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू. ब्रनो येथील मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८६६ मध्ये ते छापले. दोन शुद्ध वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीतील झाडे सारखी निघतात. त्या झाडांचे बी धरून पुन्हा पेरले की दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे दडलेले गुण निरनिराळ्या जोड्यांनी बाहेर पडतात. आपल्यापैकी कित्येकांनी महागड्या पाकिटाचे पैसे वाचविण्यासाठी संकरित टोमॅटोचेच बी धरले असेल. त्यातून आलेले रान नातेवाइकांच्या लग्नासारखे असते, चेहरेपट्टी एकाच घरची, पण कोणी उंच, कोणी बुटका. घरी असा प्रयोग करण्यात पाप नाही. पण असे दुसऱ्या पिढीचे बी सुटे किंवा नकली पाकिटात भरून पहिल्या संकराच्या नावाने कोणी विकले तर ती फसवणूक आहे, आणि ती चुकलेल्या कळीपेक्षा अगदी वेगळी गोष्ट आहे. हा फरक तपासणीत स्पष्ट दिसतो.

तपासणीची सर्वांत जुनी आणि आजही मान्य असलेली रीत म्हणजे ते बी पेरून, झाडे वाढवून पाहणे. तिला ग्रो-आउट टेस्ट म्हणतात. बियाण्याच्या एका लॉटचा नमुना घेऊन रोपे तयार करतात, साधारण ४०० झाडे लावतात, शेजारी त्याच वाणाचा खात्रीचा नमुना आणि शक्य तेथे आई-वाण व बाप-वाणही लावतात. मग रोपावस्थेत, वाढीत, फुलोऱ्यात आणि फळ धरल्यावर एकेक झाड तपासतात. झाड ठरावीक उंचीवर थांबणारे की वाढतच जाणारे, पानाची कातरण कशी, कच्च्या फळाच्या खांद्यावर गडद हिरवा पट्टा आहे की नाही, फळ लांबट की चपटे, कापल्यावर कप्पे किती, असे पाहत जातात. पद्धत खरी, पण तिला तीन महिने लागतात, जमीन लागते, मजूर लागतो. तोवर बी गोदामात पडून राहते, त्यावर व्याज चढते. हंगाम तोंडावर असला की निकालाची वाट न पाहता माल बाजारात सोडण्याचा मोह होतो तो येथेच.

वाण तयार करणारे शास्त्रज्ञ कधीकधी रोपातच खूण ठेवून देतात. टोमॅटोच्या कोवळ्या रोपाचे खोड जमिनीलगत जांभळट असते. काही वाणांत हा जांभळा रंग मुळीच येत नाही, खोड निव्वळ हिरवे राहते. हिरवेपणा हा दबणारा गुण आहे. तेव्हा आई-वाण हिरव्या खोडाचा आणि बाप-वाण जांभळ्या खोडाचा घेतला तर खरा संकर जांभळा निघतो, आणि आईच्याच परागांनी झालेले रोप हिरवे. गादीवाफ्यातच हिरवी रोपे उपटून टाकली की काम झाले. बटाट्यासारख्या अखंड कडेच्या पानाचाही असाच उपयोग होतो, तोही दबणारा गुण आहे. मात्र ही खूण त्या संकरात मुद्दाम ठेवलेली असेल तरच चालते. ऐकीव माहितीवर हिरव्या खोडाची रोपे उपटीत बसू नये. आणि थंडीत किंवा स्फुरद कमी पडल्यावर पानांखाली येणारा जांभळेपणा हा निराळा, तो जातीचा पुरावा नव्हे.

हल्ली कंपन्या आणि सरकारी प्रयोगशाळा डी.एन.ए. तपासणी करतात. नाव भारी असले तरी कल्पना सोपी आहे. टोमॅटोच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून येते, एक बापाकडून. या गुणसूत्रांवर काही ठिकाणी एकच लहानसा मजकूर पुन्हा पुन्हा आलेला असतो, जपमाळेतल्या सारख्या मण्यांप्रमाणे. समजा आई-वाणात त्या जागी बारा मणी आहेत आणि बाप-वाणात अठरा. दहा-बारा दिवसांच्या रोपाचे इवलेसे पान घेऊन त्यातील तेवढाच तुकडा पी.सी.आर. यंत्रात लाखो प्रतींनी वाढवितात. ही रीत कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधली, १९९३ मध्ये त्यांना तीबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. मग ते तुकडे खळीसारख्या पदार्थाच्या वडीतून विजेच्या जोराने पळवितात. लहान तुकडा पुढे जातो, मोठा मागे राहतो, आणि दोन जागी दोन पट्टे दिसतात.

खऱ्या संकरित रोपात दोन्ही पट्टे असतात, आईचा आणि बापाचा. फक्त आईचा पट्टा दिसला तर ती कळी चुकलेली. तिसऱ्याच जागी पट्टा दिसला तर परका पराग किंवा परके बी आले. आणि दुसऱ्या पिढीचे बी असेल तर मेंडेलचे गणित जसेच्या तसे उमटते, चारातील साधारण एका रोपात फक्त आईचा पट्टा, दोघांत दोन्ही, आणि एकात फक्त बापाचा. आईच्या कळीत चूक झाली तर फक्त बापाचा पट्टा कधीच येऊ शकत नाही. तेव्हा असे पट्टे बरेच दिसू लागले की हाताची चूक झाली असे म्हणता येत नाही, मूळ बीच पहिल्या पिढीचे नव्हते.

टोमॅटोचा संपूर्ण जनुकीय आराखडा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या आंतरराष्ट्रीय कामात भारतीय शास्त्रज्ञांकडे पाचवे गुणसूत्र होते. तेव्हापासून अशा खुणा शोधणे पुष्कळ सोपे झाले आहे. तपासणीचा निकाल तीन महिन्यांऐवजी काही दिवसांत हाती येतो. पण डी.एन.ए. म्हटले की झाले असे नाही. आई-वाण आणि बाप-वाण ज्या जागी वेगळे आहेत अशीच खूण निवडावी लागते, आणि ते दोन वाण कंपनीच्या कपाटात असतात. एकाच खुणेवर विसंबले तर आई-वाणातच असलेली भेसळ निसटते. उगवण, रोग, दाण्याचे वय यांबद्दल ही तपासणी काहीच सांगत नाही.

नमुना किती घ्यावा याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण येथे भले भले फसतात. एखाद्या लॉटमध्ये पाच टक्के खोटे दाणे आहेत असे समजा. त्यातील २० दाणे तपासले तर शंभरातून छत्तीस वेळा एकही खोटा दाणा सापडणार नाही आणि आपण बी शुद्ध म्हणून मोकळे होऊ. शंभर दाणे तपासले तर असे फसण्याची वेळ शंभरात एकदाही यावयाची नाही. रानातही तेच. बांधावरून दिसणाऱ्या पहिल्या दहा झाडांवरून "निम्मं रान खोटं" म्हणू नये, आणि "सगळं ठीक" असेही म्हणू नये. रानाच्या चार निरनिराळ्या ठिकाणी शंभर-शंभर झाडे सलग मोजावीत, म्हणजे ४०० होतात.

मोजताना संख्येइतकीच झाडांची जागा महत्त्वाची. वेगळी झाडे रानभर कशीही विखुरलेली आहेत, आणि ती सर्व एकमेकांसारखी आहेत, तर संशय आई-वाणावर घ्यावा. विखुरलेली आहेत पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी, तर दुसऱ्या पिढीचे बी असावे. वेगळी झाडे सलग ओळीत आहेत, तर बियाण्याचा दोष असण्याचा संभव फार कमी, कारण पाकिटातले दाणे ओळ धरून बसत नाहीत. रोपे कोठेतरी अदलाबदल झाली आहेत. मधूनमधून जेथे नांग्या भरल्या तेथेच वेगळे झाड आहे काय, तेही पाहावे. सरी सोडून भलत्याच जागी उभे असलेले झाड बहुधा मागील वर्षी गळालेल्या फळातून आपोआप उगवलेले असते.

रोगाची रीत निराळी. बोकड्या कडेकडेने किंवा चट्ट्यांनी येतो आणि दर आठवड्याला वाढतो. जातीने वेगळे झाड लावणीपासून वेगळेच असते, बुडापासून शेंड्यापर्यंत. आपल्या भागात उसाच्या शेजारी टोमॅटो असला आणि उसात टू-फोर-डी तणनाशक मारले की वाऱ्यावर आलेल्या फवाऱ्याने टोमॅटोची नवी पाने दोरीसारखी अरुंद होतात. ऊस ज्या बाजूला त्या बाजूची झाडे जास्त, खालची जुनी पाने मात्र चांगली. यात बियाण्याचा काही अपराध नाही. कडाक्याच्या थंडीत फुललेल्या पहिल्या घडाची फळेही वेडीवाकडी येतात. म्हणून फळावरून निवाडा करावयाचा तर दुसरा-तिसरा घड पाहावा.

हे सर्व आम्ही मोठ्या ज्ञानाने लिहीत आहोत असे कोणी समजू नये. २०१९ च्या उन्हाळी हंगामात आम्ही स्वतः अर्ध्या एकरात संकरित टोमॅटो लावला होता. फळ धरल्यावर रान डोळ्यांत खुपू लागले. चार जागी मोजले तेव्हा ४०० त ५२ झाडे बुटकी आणि चपट्या फळांची, सर्व अगदी एका साच्यातली. म्हणजे १३ टक्के. आज आम्हाला त्याचा अर्थ कळतो. त्या वेळी रागाच्या भरात आम्ही ती झाडे उपटून बांधावर टाकली. पाकीट लावणीच्याच दिवशी चुलीत गेले होते. बिल घेतले नव्हते, रोखीने दोन पैसे कमी पडले म्हणून खूश होऊन घरी आलो होतो. दुकानदार म्हणाला, "हे बी आमच्याकडचंच कशावरून?" आम्हाला उत्तर देता आले नाही. कृषी खात्याचा माणूस आला तेव्हा रानात दाखवावयास वेगळे झाडच उरले नव्हते. त्या हंगामात मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडून आम्ही औषधाची उधारी फेडली.

कायद्याने आपल्याला जे दिले आहे ते आम्हाला पुढे कळले. बियाणे विकणाऱ्या दुकानदाराकडे परवाना असलाच पाहिजे आणि त्याने बिल दिलेच पाहिजे, असे १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशात आहे. १९६८ च्या बियाणे नियमांप्रमाणे विकणाऱ्याने प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षे ठेवावयाची असते आणि लॉट संपल्यावरही त्याचा नमुना एक वर्ष टाकावयाचा नसतो. तेव्हा आपल्याकडे लॉट नंबर असेल तर आपले बी संपले तरी त्या लॉटचा दाणा कोठेतरी शिल्लक असतो. बियाण्यामुळे पीक फसले अशी लेखी तक्रार शेतकऱ्याने केली तर बियाणे निरीक्षकाने लेबल, पाकीट आणि उरलेले बी ताब्यात घेऊन चौकशी करावयाची असते. आपल्याकडे तक्रार रयत संपर्क केंद्रात द्यावी, गोव्यातील वाचकांनी विभागीय कृषी कार्यालयात. पोच सही-शिक्क्यासह घ्यावी. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत जाता येते.

पाकिटावरच्या लेबलाकडेही जरा लक्ष द्यावे. निळ्या लेबलाचे बी प्रमाणन यंत्रणेने तपासलेले असते. संकरित भाजीपाल्याची बहुतेक पाकिटे मात्र हिरव्या लेबलाची, म्हणजे सत्यप्रत असतात. त्यांच्या शुद्धतेची जबाबदारी कंपनीने आपल्या शब्दावर घेतलेली असते. हिरवे लेबल म्हणजे वाईट बी नव्हे. पण शब्द कोणाचा, हे सांगणारा कागद म्हणजे तेच पाकीट.

सध्या आणखी एक अडचण झाली आहे. आपल्यापैकी फार थोडे लोक स्वतः तरू टाकतात. बी नर्सरीत देतो किंवा तयार रोपेच आणतो. बी आणि शेत यांच्यामध्ये एक तिसरा हात आला. नर्सरीतून रोपे घेताना ती कोणत्या कंपनीच्या, कोणत्या लॉटच्या बियाण्याची आहेत हे बिलावर लिहून मागावे. रिकामे पाकीटही मागावे. चांगला नर्सरीवाला नाही म्हणत नाही.

आमचा तो तरुण संध्याकाळी वहीचे पान घेऊन आला. रानाच्या पूर्व बाजूच्या सलग तीन सऱ्यांत १९१ झाडे चपट्या फळांची होती. बाकी सगळ्या रानात एकही नाही. त्याने रोपे ९८ खणांच्या ट्रेमधून आणली होती. दोन ट्रे म्हणजे १९६ रोपे, त्यांत पाच मेली असे धरले तर हिशेब तंतोतंत जमतो. त्याच लॉटचे बी गावातील आणखी दोघांनी लावले होते. त्यांच्या रानातही आम्ही फिरून आलो, तेथे एकही वेगळे झाड सापडले नाही. सोमवारी तो आणि आम्ही नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्याने वही काढली. त्याच दिवशी शेजारच्या गावचा एक जण चपट्या फळाच्या वाणाची रोपे घेऊन गेला होता, आणि गाडीत ट्रे चढविताना दोन इकडचे तिकडे झाले होते. त्या माणसाच्या रानात तीन सऱ्या लांबट टोमॅटो लागला होता आणि तोही आपल्या दुकानदाराला शिव्या देत होता.

नर्सरीवाल्याने दोघांनाही पुढच्या खेपेची रोपे निम्म्या दराने कबूल केली. तोडणीत तरुणाने त्या तीन सऱ्यांचा माल वेगळ्या क्रेटमध्ये भरला. बाजारात त्या क्रेटला भाव कमी आला, पण बाकीच्या मालाचा भाव पडला नाही. दुकानदाराला यातले काहीच ठाऊक नाही. या खेपेस तरुणाने नर्सरीतच प्रत्येक ट्रेला वाणाचे नाव आणि लॉट नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटविली. रिकामे पाकीट, त्यात उरलेले पाच-पन्नास दाणे आणि बिल असे त्याच्या आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात रेशनकार्डाजवळ ठेवले आहे.